मुलं किती?

आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांचं मिळून एक धुणीघर आहे. स्वीडनमधल्या भाड्याच्या इमारतींत ते असतंच, त्वेत्तस्तूगा म्हणतात. दोन मशीन, एक ड्रायर, गरम हवेचं एक कपाट आणि दाराशी वेळ राखून ठेवायचा फळा. आपल्या घराचा नंबर असलेलं छोटं कुलूप हव्या त्या तारखेच्या भोकात अडकवलं की तेवढे तीन तास आपले. दुसऱ्याच्या वेळेत पाच मिनिटं जरी घुसलात तरी भिंतीवर चिठ्ठी लागते. भाषा अत्यंत सभ्य, राग अत्यंत खरा.

२०१७ च्या नोव्हेंबरात मी अशीच घुसले होते. ड्रायरमध्ये माझ्या चादरी फिरत होत्या आणि दारात खांद्यावर इकियाची निळी पिशवी घेतलेली, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली एक उंच बाई उभी. मी मोडक्या स्वीडिशमध्ये माफी मागायला लागले. ती म्हणाली, "इंगेन फारा", म्हणजे काही बिघडलं नाही. मग माझ्याकडे नीट बघून, "हिंदी?" सोमालीत भारतीय माणसाला हिंदीच म्हणतात. मी हो म्हटल्यावर तिने येत होते ते सगळे हिंदी शब्द एका दमात म्हणून दाखवले: दोस्त, प्यार, बदला, माँ, खून. लहानपणी सोमालियातल्या किस्मायोत शेजारच्यांकडे सिनेमे बघितले होते म्हणे. खाली चादरी वाळेपर्यंत आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो.

मी तिचं नाव इथे लिहिणार नाही. ती मला वलाल म्हणते, मीही तिला तेच म्हणते. सोमालीत त्याचा अर्थ भावंड, भाऊ किंवा बहीण दोन्ही.

आम्ही राहतो ते आकाल्ला स्टॉकहोमच्या निळ्या मेट्रोवर आहे. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत इथल्या सरकारने दहा लाख घरं बांधायची म्हणून बांधली, त्यातलंच हे एक उपनगर. एका बाजूला शिस्ता, टेलिकॉम आणि आयटीची ऑफिसं, म्हणून आमच्यासारखी पुण्या-बंगळुरूची कुटुंबं. पलीकडे हुस्बी, रिंकेबी, तेन्स्ता. रिंकेबीला तर गमतीने छोटं मोगादिशूच म्हणतात. सोमालियात जन्मलेली सुमारे सत्तर हजार माणसं आज स्वीडनमध्ये आहेत. आम्ही त्यांच्याशी लिफ्टमध्ये हसतो आणि मराठी मंडळाच्या गणपतीत "तिकडे मुलांना पाठवू नका हं" असंही म्हणतो. मीही म्हटलं होतं, एकदा नव्हे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ती पहिल्यांदा वर आमच्या घरी आली. हातात प्लॅस्टिकची फाईल, त्यात एक पत्र. तिचा आश्रयाचा अर्ज ऑक्टोबर २०१५ चा. त्या एका वर्षात स्वीडनमध्ये १,६२,८७७ जणांनी आश्रय मागितला होता, त्यातली ती एक. तुर्कस्तानपर्यंत विमान, मग रबरी होडीतून ग्रीस, मग पायी, बस, रेल्वे आणि शेवटी डेन्मार्कहून पुलावरून माल्मो. नवरा किस्मायोतच गेला. कसा, ते तिने एकदाच सांगितलं, मी परत विचारलं नाही. पत्रात लिहिलं होतं की तिला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली आहे, परवाना तीन वर्षांचा. मी अभिनंदन वगैरे करून चहा टाकायला उठले तर तिने शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. २०१६ च्या नव्या कायद्याप्रमाणे, तीन महिन्यांच्या आत कुटुंबाचा अर्ज केला तर पगाराची आणि घराच्या आकाराची अट नाही. नंतर केला तर आहे. ती संध्याकाळी ऑफिसं झाडायची. ती अट तिला दहा वर्षांतही झेपली नसती.

मुलं होती नैरोबीत, ईस्टली भागात, तिच्या आईजवळ.

मला वाटलं, फॉर्म तर आहे, भरू. माझा स्वतःचा परवाना मी २०१६ मध्ये नवऱ्याच्या नोकरीवर मिळवला होता. लग्नाचा दाखला, पासपोर्ट, कंपनीचं पत्र, आणि लग्नानंतर नाव बदललं त्याचं राजपत्रातलं कात्रण. थोड्याच दिवसांत फोटो असलेलं कार्ड हातात. रत्नागिरीच्या विवाह नोंदणीच्या शिक्क्यावर स्वीडनने डोळे मिटून विश्वास ठेवला होता. तिच्या देशात जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारे पळाला आणि सरकार नावाची वस्तूच संपली. त्यानंतरचे सोमाली पासपोर्ट स्वीडन ओळखपत्र म्हणून धरत नाही. म्हणजे कागद नाही, आणि कागद मिळवून आणला तर तो चालत नाही.

पहिला तास नावातच गेला. फॉर्ममध्ये दोन चौकटी, नाव आणि आडनाव. सोमाली माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडलांचं, मग आजोबांचं. मी म्हटलं, आमच्याकडेही मधे वडलांचं नाव असतं, तर तिला इतका आनंद झाला की जणू मी तिच्या गावची निघाले. पण फॉर्मला आनंद कळत नाही. तिचे आजोबा तिचं आडनाव झाले, मुलांच्या बापाचे वडील मुलांचं आडनाव झाले. आई आणि मुलांची आडनावं वेगळी. लग्न झालं तरी सोमाली बाई बापाचंच नाव लावते, त्यामुळे नवऱ्याशीही जुळत नाही. कागदावर हे घर म्हणजे रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेली माणसं.

मग जन्मतारखा. तिची स्वतःची ४ जानेवारी. मी विचारलं, खरी? ती हसायला लागली. नोंदणीच्या दिवशी तिला फक्त साल सांगता आलं होतं, आणि दिवस माहीत नसला की १ जानेवारी लिहितात. पण इथल्या दहा आकडी ओळख क्रमांकात पहिले सहा आकडे जन्मतारखेचे असतात, पुढचे तीन अनुक्रमाचे, शेवटचा पडताळणीचा. एका तारखेला हजार माणसांची सोय नाही. काही सालांच्या १ जानेवारीला जगभरातून इतकी माणसं जन्माला आली की आकडे संपले, मग करखातं शेजारची तारीख देतं. ती त्या सांडलेल्यांपैकी.

मी तिला आमच्या बाबांची गोष्ट सांगितली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिली. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जूनच. आजी सांगायची, हा गौरीच्या दिवसांत झाला, म्हणजे भाद्रपदात. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून ३१ मेला निवृत्त झाले आणि नंतर कित्येक वर्षं "तीन महिन्यांचा पगार मास्तराने खाल्ला" म्हणत राहिले. वलालला हे फार आवडलं. पुढे कुठल्याही कचेरीत रांगेत उभं राहिलं की ती मला विचारायची, "बाबांचा मास्तर इथे बसलाय का?"

मुलांच्या तारखा ती पावसावरून सांगायची. मुलगा देयरच्या पावसात, म्हणजे आपला ऑक्टोबर ते डिसेंबर. मुलगी, आणि मोठी मुलगी, दोघी एप्रिल ते जूनच्या पावसातल्या. त्या पावसाला सोमालीत 'गु' म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द गंभीर चेहऱ्याने लिहून घेणं किती कठीण आहे ते मराठी माणसालाच कळेल. मी खोकल्याचं निमित्त केलं. फॉर्ममध्ये गु चालत नाही, देयरही नाही. तिघांच्या तारखा १ जानेवारी.

या तिघांतली मोठी मुलगी, तिथेच सगळं अडलं.

२०११ च्या दुष्काळात हे कुटुंब सीमा ओलांडून केनियातल्या दादाबच्या छावण्यांत गेलं. नव्वद हजारांसाठी आखलेल्या त्या छावण्यांत त्या वर्षी साडेचार लाखांहून जास्त माणसं होती. वलालची धाकटी बहीण तिथे तापाने गेली. तिची आठ वर्षांची मुलगी वलालच्या तंबूत आली आणि तिचीच झाली. त्यात निर्णय घ्यायचा असतो असं कोणाच्या मनातही आलं नाही. सोमालीत मावशीला हबरयर म्हणतात, शब्दशः छोटी आई. आत्याला वेगळा शब्द, एद्दो. आपल्यासारखंच. गंमत म्हणजे स्वीडिशमध्येही मावशी आणि आत्या वेगळ्या आहेत, मुस्तेर आणि फास्तेर. तिन्ही भाषांना फरक नीट कळतो. मुलीलाही कळत होता, पण ती हाक मारायची होयो, म्हणजे आई.

२०१५ मध्ये आल्या आल्या नोंदणीच्या खिडकीवर विचारलं होतं, मुलं किती? दुभाष्या फोनवर, मागे गलका, ती तीन दिवस झोपलेली नाही. तिने सांगितलं, तीन. यात खोटं काय? माझ्या आजीला कोणी विचारलं असतं तर तिने मोठ्या जाऊबाईंची दोन धरून सातच सांगितली असती, आणि त्या दोघांना वेगळं मोजणाऱ्याला ओटीवरून खाली उतरवलं असतं. पण २०१८ च्या फॉर्ममध्ये प्रत्येक मुलासमोर प्रश्न होता: जैविक, दत्तक की सावत्र? आम्ही मोठीसमोर खरं ते लिहिलं, बहिणीची मुलगी, २०११ पासून सांभाळते. मी स्वतः टाईप केलं. मला त्या वेळी ते अगदी स्वच्छ, प्रामाणिक वाक्य वाटलं होतं.

अर्ज मुदतीच्या अकरा दिवस आधी गेला. मग काहीच नाही. युरोपच्या नियमात अशा अर्जाला नऊ महिने दिलेत, अपवाद असले तर जास्त. आमचे ते नऊही उलटून गेले तेव्हा नैरोबीच्या दूतावासातून मुलाखतीची तारीख आली.

या सगळ्या महिन्यांत मी तिच्या घरी बरंच जेवले. अंजेरो म्हणजे थेट आपली आंबोळी, पीठ रात्री आंबवायचं, तव्यावर गोल फिरवत घालायचं, वरून जाळी पडली पाहिजे, उलटायची नाही. ते तिळाच्या तेलात आणि साखरेत बुडवून खातात. भाताबरोबर केळं खातात, त्याला मात्र मी अजून सरावलेले नाही. चहात वेलची, दालचिनी, लवंग. ती किस्मायोची, मी रत्नागिरीची. मधलं पाणी एकच, सुक्या माशाचा वासही एकच.

दर महिन्याच्या पगाराला ती रिंकेबीतल्या दुकानात जाऊन नैरोबीला पैसे पाठवायची. हवालाने. हा शब्द ऐकून मी पहिल्यांदा दचकलेच, कारण आपल्याकडे हवाला म्हटलं की खटलाच डोळ्यांसमोर येतो. इथे काउंटरवर पावती मिळते, आणि बाहेर पडेपर्यंत तिकडे आजीचा फोन वाजलेला असतो. एकदा तिने तिथे दुसऱ्याच कामाला पैसे भरले. तिचा एक चुलतभाऊ कोणाला न सांगता तहरीबवर निघाला होता, म्हणजे इथिओपिया, सुदान, लिबिया करत युरोपकडे. लिबियात त्याला धरून ठेवला. धरणाऱ्याला सोमाली लोक मगफे म्हणतात, 'जो कधी चुकत नाही' तो. तो पोराला मारताना घरी फोन लावतो. इथल्या, लंडनच्या, मिनियापोलिसच्या सगळ्या नातेवाइकांनी वर्गणी काढली. भाऊ सुटला, इटलीत पोचला. वर्गणीची यादी तिने स्वयंपाकघराच्या कपाटाला आतून चिकटवली होती, कोणाचं किती देणं आहे ती.

मुलाखतीत मुलांना काय विचारलं ते आजीने फोनवर सांगितलं. घराचं दार कुठल्या रंगाचं? रात्री कोण कुठे झोपतं? आई गेली त्या दिवशी काय जेवलात? मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. आई गेली तेव्हा सात. त्याने सांगितलं, आठवत नाही. बहिणीने सांगितलं, स्पॅगेटी. (एके काळी तिथे राज्य करणारे इटालियन गेले, स्पॅगेटी राहिली.) आजीला विचारलं, मोठी कोणाची? आजी म्हणाली, माझ्या मेलेल्या लेकीची. हे असं दरवेळी खरं सांगितल्यावर पुढे जे झालं त्याचा मला अजूनही राग येतो.

आधी डीएनए. सोमाली कुटुंबांकडे कागद नसतात म्हणून एके काळी त्यांचे अर्ज सरसकट अडायचे. २०१२ मध्ये इथल्या वरच्या न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून डीएनए जुळला तर त्यावरून ओळख धरायची वाट झाली. तपासणीचा खर्च सरकारचा. मुलांची नैरोबीत झाली, तिची इथे, मे २०१९ मध्ये. मी बरोबर होते. लांब काडीला कापूस, तो गालाच्या आतून फिरवायचा. नर्सने काडी वर केली आणि वलालने तोंड मिटलं. रमजान चालू होता. तिने मला विचारलं, याने रोजा मोडतो का? नर्सने माझ्याकडे बघितलं. मी कोकणस्थ बाई, मला काय ठाऊक! तिने बाहेर जाऊन कोणाला तरी फोन केला, परत आली, म्हणाली, गिळायचं नाही, मग चालतं. नर्स म्हणाली, कापूस गिळणारं अजून कोणी भेटलं नाही. तिघी हसलो. दोन्ही गाल झाले, लिफाफा बंद झाला. मोठीची तपासणी मागितलीच नव्हती. ती जैविक मुलगी नाही हे आम्हीच लिहून दिलं होतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये निकाल आला, तीन वेगळ्या पाकिटांत. ती वर यायला थांबली नाही. मी धुणं लावत होते, खाली तळघरातच आली. ड्रायरच्या आवाजात मी वाचलं. पहिल्या दोनांवर बीफाल, मंजूर. तिसऱ्यावर आवस्लाग, नामंजूर. मी तिसरं पत्र मनातल्या मनात दोनदा वाचलं, कुठे काही वेगळं निघतंय का बघायला. कारणं तीन. दत्तक घेतल्याचा कायदेशीर कागद नाही. मुलीच्या वडलांच्या मृत्यूचा पुरावा नाही. आणि अर्जदाराच्या मावशीच्या सांगण्यात विसंगती आहे: २०१५ मध्ये तिने तीन मुलं सांगितली, २०१८ मध्ये दोन.

इस्लाममध्ये मूल सांभाळतात, पण त्याचं बापाचं नाव पुसत नाहीत, म्हणून आपण म्हणतो तसं दत्तकपत्र नसतं. त्या मुलीच्या नावात तिच्या बापाचं नाव पहिल्या दिवसापासून होतं, २०१५ च्या त्या खिडकीवरच्या नोंदीतसुद्धा. दोन भावंडांचं दुसरं नाव एक, तिचं वेगळं. सोमाली नाव कसं लावतात हे ज्याला माहीत आहे त्याला ते एका नजरेत दिसलं असतं. लपवायचं असतं तर आधी नाव बदललं नसतं का? हे मी अपिलात लिहिलं. तीन आठवड्यांची मुदत होती. वकिलाने ते वाक्य ठेवलं, पण म्हणाला, फार आशा धरू नका.

मग मार्च. कोरोनाने स्टॉकहोममध्ये गेलेल्या पहिल्या पंधरा जणांत सहा सोमाली होते, असं त्यांच्याच डॉक्टरांच्या संघटनेने जाहीर केलं. रिंकेबी-तेन्स्तात एकेका घरात तीन पिढ्या, आणि बहुतेक जण टॅक्सी, बस, वृद्धांची सेवा अशा घरून न करता येणाऱ्या कामांवर. आमची मंडळी शिस्तातल्या ऑफिसांना घरून लॉगिन करत होती. विमानं बंद. मुलांची कार्डं तयार, मुलं नैरोबीत. १ ऑगस्टला केनियाने आंतरराष्ट्रीय विमानं सुरू केली आणि त्याच महिन्यात दोघं आर्लांडाला उतरली.

मी आणि माझा नवरा गाडी घेऊन गेलो होतो. मुलगा आईपेक्षा उंच झाला होता. ती पुढे धावली नाही. उभीच राहिली आणि त्याच्याकडे खालून वर बघत राहिली, माप घेतल्यासारखी. मुलीने मास्क काढला नाही. गाडीत कोणी बोललं नाही. आकाल्लाच्या वळणावर मुलाने पहिला प्रश्न विचारला, वायफाय आहे का?

अपील त्या हिवाळ्यात फेटाळलं गेलं. कायदेशीर भाषेत सांगायचं तर, नातं मानलं तरी ते कायद्याला हवं तेवढं जवळचं नाही. वलालने तो निकाल माझ्याकडून एकदा ऐकला, फाईलमध्ये ठेवला, आणि विचारलं, परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म कधी भरायचा? त्या फॉर्मवरही कुटुंबाची माहिती होती. मुलं किती? मी तिच्याकडे बघितलं. म्हणाली, तू लिही. मी बराच वेळ कर्सर लुकलुकत ठेवला. शेवटी दोन लिहिलं, आणि खाली 'इतर माहिती'त ते जुनंच स्वच्छ वाक्य.

मोठी आजीपाशी आहे. आता तिची शाळा संपली. ईस्टलीत एका कपड्यांच्या दुकानात हिशोब बघते आणि रात्री फोनवरून स्वीडिश शिकते. कोणी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे पुस्तक नाही, तिने सुरुवात केली ती निकालाच्या पत्रापासून, एकेक शब्द शोधत. त्यामुळे तिला सफरचंद म्हणता येत नाही, पण अर्जदार म्हणता येतं. विसंगती म्हणता येतं. आनक्नीतनिंग म्हणता येतं, म्हणजे ज्या नात्यावर परवाना मिळतो ते.

गेल्या रविवारी मी खाली अंजेरो खायला गेले होते. फोन टेबलावर उभा, पडद्यावर ती. मला म्हणाली, हबरयर, एक शब्द म्हणून दाखव, पत्रात सारखा येतो. तिने अक्षरं सांगितली, एम, ओ, एस, टी, ई, आर.

मी म्हटलं, "मुस्तेर. त्यातला ओ 'उ'सारखा म्हणायचा."

"मुस्तेर," ती म्हणाली. परत एकदा म्हणाली. वहीत लिहिलं बहुतेक, खाली बघत होती. मग मान वर करून, "बरं, आता फोन होयोकडे दे."